पोळ्याच्या तोरणाखाली इटलीची जोडी

आमच्या गोठ्यातल्या मोटारीला एक सुटा भाग हवा होता, म्हणून मी परदेशातल्या जुन्या मोटारींच्या एका क्लबाला इंग्रजीत मेल लिहिला. इंग्रजी माझं स्वतःचं होतं, कोणाकडून लिहून घेतलेलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला, तेही राज्यशास्त्र घेऊन. त्यांनी उलट विचारलं, की मोटार कोणाकोणाच्या मालकीची होती, कोणत्या शर्यतीत धावली आणि दुरुस्ती काय झाली? मी खरं तेच कळवलं. मालक : खामगावचा एक कापसाचा जिनिंगवाला, मग माझे आजोबा. शर्यत : एकच, बैलजोडीविरुद्ध, हरली. दुरुस्ती : बैलांच्या शिंगांना लावतात तो निळा ऑइलपेंट, दोन हात.

क्लबाकडून पुढं काही आलं नाही.

मोटार इटलीची. दोनच माणसं बसतील अशी, आणि बसली की जमिनीवर बसल्यासारखी. जिनिंगवाल्यानं ती मुलासाठी मुंबईहून आणली होती. मुलगा बाहेर शिकायला गेला तो तिकडचाच झाला. आजोबांकडे तेव्हा शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, नावाजलेली जोडी होती. जिनिंगवाल्याचा जीव बैलांवर, आजोबांचा मोटारीवर. दोघांनी सरळ अदलाबदल केली.

पुढच्याच पटात आजोबांनी बैलांच्या जागी मोटार उतरवली. समोर वरच्या आळीतल्या घरची जोडी होती आणि ती हाकायला त्या घरचा तरणा पोरगा. काळ्या मातीत मोटारीची चाकं जोरात फिरली आणि मोटार पुढं जायच्या ऐवजी खाली गेली. बैल जिंकले. तो पोरगा म्हणजे आताचे गावचे आबाजी. ती हकीकत ते आजही बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगतात.

आता मुद्द्याचं. आमच्या गावात पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी आमच्या घरची जाते. तो मान आमचा. आमच्यानंतर वरच्या आळीचा नंबर. बाबांनी ट्रॅक्टर घेतला, शेवटची जोडी विकली, आणि पोळा जवळ आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मान चालला. उसनी जोडी चालत नाही, घरच्या दावणीची लागते. बाबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. एका सकाळी ते गोठ्यात गेले, मोटारीच्या सीटवर अंड्यांवर बसलेली कोंबडी उठवली आणि मला म्हणाले, "हे आपल्या दावणीलेच हाय ना बे?"

पारावर बैठक बसली.

"मोटर म्हंजे बैल होते काय?" आबाजींनी सुरुवातच अशी केली.

"मंग ट्रॅक्टर काऊन नाही आणत?" मागून कोणीतरी म्हणालं.

"ट्रॅक्टर तं साऱ्याइकडंच हाय," बाबा म्हणाले. "मान काय शोरूमले द्याचा?"

लोक हसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "बोल ना बे. एवढा शिकवला कायले?"

मी उभा राहिलो. "आबाजी, त्या पटात तुम्ही कोणाले हरवलं?"

"तुह्या आज्याले! साऱ्या गावानं पाह्यलं."

"आजा कशावर होता?"

"ह्याच मोटरीवर. अशी फसली होती, का..."

"पटात जोडीसमोर जोडीच सोडतेत ना? मोटर जोडी नसन, तं तुम्ही जिकले कोणासंग? मंग तुमचे बैल एकलेच पळून राह्यले होते."

आबाजींनी टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. एका बाजूला जन्मभर सांगितलेला विजय, दुसऱ्या बाजूला पोळ्याचा मान. "जोडी हाय," ते शेवटी म्हणाले. "पण आपल्या पायानं आली पाह्यजे. ढकलत आणली तं मान आमचा."

राज्यशास्त्राचा हा उपयोग मला वर्गात कोणी सांगितला नव्हता.

खामगावहून मिस्त्री आणला. त्यानं जीपचा कार्बोरेटर बसवला आणि पेट्रोलच्या गंजलेल्या टाकीऐवजी फवारणी पंपाची टाकी बांधली. मोटार सुरू झाली तेव्हा आमच्या आळीतली कुत्री शेजारच्या उंद्री गावाच्या रस्त्याला लागली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे गरम तूप-हळदीनं चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. बाबा वाटी घेऊन मोटारीसमोर थांबले. खांदा कोणता? थोडा विचार करून म्हणाले, "बैलाचं वझं खांद्यावर, हिचं चाकाइवर." तर्क मला पटला. त्यांनी तारांच्या चाकांमधून आत, पार मुळापर्यंत, चारही चाकांना तूप पाजलं. मग बॉनेटवर हात ठेवून हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी बॉनेटवर झूल, दिव्यांना बाशिंगं. बाबा स्टिअरिंगवर, मी शेजारी. डफडी वाजत होती. मागं वरच्या आळीची जोडी मोटारीच्या धुरानं शिंकत उभी. तोरण उचललं, आम्ही पहिले खालून गेलो. मान राहिला. बाबांनी ब्रेक दाबला.

मोटार थांबली नाही.

"थांबव ना बाबा!"

"थांबवूनच तं राह्यलो!"

डफडीवाले बाजूला उडाले. पारावरून वळून मोटार वरच्या आळीच्या, म्हणजे नावालाच वरच्या, उताराला लागली, आबाजींच्या फाटकातून आत शिरली आणि सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात नाक खुपसून थांबली. दोघांच्याही डोक्यावर कुटार. आमच्या मागोमाग अर्धा गाव पळत आला, त्यात धोतर सावरत आबाजी. बाबांनी मान खाली घातली. आता शिव्या बसणार हे नक्की होतं.

आबाजींनी आधी तूप गळणाऱ्या चाकांकडे, मग मागं उताराकडे पाहिलं. "त्या वख्ती अशी पळाली असती," ते बाबांना म्हणाले, "तं पट तुह्या बापानंच जिकला असता."

तोवर त्यांची सून आरतीचं ताट घेऊन आली होती. पोळ्याच्या दिवशी दारात आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. तिनं बॉनेटला कुंकू लावलं आणि समोरच्या जाळीत एक पुरणपोळी खोचली.

"एकच काऊन?" आबाजी तिच्यावर ओरडले. "जोडी हाय ते. दोन दे."