दोन तऱ्हेची कपाटं

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. माझ्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं, असं ती चाळभर सांगायची — तिलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. सांगतोय खरं.

गोष्ट कपाटांची आहे. हसू नका. कचेरीतल्या फायलींच्या लोखंडी कपाटांची.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गिरगावातल्या एका लहानशा विमा कचेरीत मी कारकून होतो. आमची दप्तरखोली सोनावणे सांभाळायचे. आधी ते परळच्या गिरणीत होते, तिथं यंत्रात दोन्ही हात सापडले. बोटं वाचली, अंगठे गेले — दोन्ही. उरलेल्या बोटांनी ते रुमालात कागद बांधायचे आणि गाठ दातांनी ओढायचे. यादी नाही, वही नाही, पण कुठलंही प्रकरण मागा, उघड्या मांडणीवरून नेमका तोच गठ्ठा काढून द्यायचे. मोठे साहेब म्हणायचे, सोनावणे आजारी पडले तर कचेरीला टाळं लावावं लागेल. मोठे साहेब त्यांना अहो म्हणत. मी अरे-तुरे करायचो. आज ‘ते’ म्हणतोय — आता त्याचं काय?

मग मांडणीला वाळवी लागली. लोखंडी कपाटं घ्यायचं ठरलं आणि पसंतीचं काम माझ्याकडे आलं. मी निघालो तसे सोनावणे जिन्यापर्यंत आले.

“दामलेसाहेब, खण नुसता ओढायचा असंल तर बघा. खटका दाबायचा असला तर मला जमायचं न्हाई.”

“अरे, तुझ्यासाठीच तर आणायचीत,” मी म्हणालो.

ग्रँट रोडजवळच्या दुकानात दोन तऱ्हेची कपाटं होती. एकाच्या खणांना साधी कडी — बोटं अडकवा आणि ओढा. दुसऱ्याच्या मुठीला खटका, तो अंगठ्यानं दाबून धरल्याशिवाय खण हलायचा नाही. मी दोन्ही उघडून पाहिली. चार-चार वेळा. दुसऱ्याचा खण तर अंगठा बाजूला ठेवून, नुसत्या बोटांनी ओढून पाहिला — म्हणजे बघा माझी तयारी! नाही आला.

तेच कपाट मी पसंत केलं.

का? दिसायला बरं होतं म्हणून? छे. कागद हवा असला की मला सोनावण्यांच्या दप्तरखोलीच्या दारात उभं राहावं लागायचं. त्यांच्या घरचे नुकतेच बौद्ध झाले होते, आणि मी गिरगावातला दामले, चारचौघांत ‘सोनावणे, जरा बघतोस का’ म्हणत ताटकळायचो. जात डोक्यातून गेली नव्हती माझ्या, दुसरं काय? त्यांनी कधी तोरा दाखवला? कधीच नाही. दाखवला असता तर निदान भांडलो असतो.

परत आल्यावर त्यांना म्हटलं, दुकानात एकच तऱ्हा होती रे.

“असू द्या, साहेब. तुम्ही तरी काय करणार?” — माझीच समजूत घातली हो त्यांनी.

आणि तोडगाही काढला. पुठ्ठ्याच्या लहान लहान घड्या करून खटक्यांच्या फटीत कोंबल्या, म्हणजे खटके दबलेलेच राहायचे, खण अडकायचेच नाहीत. आठ दिवस काम अगदी सुरळीत चाललं. नवव्या दिवशी मी दप्तरखोलीत गेलो आणि एकेक घडी उपटून काढली. म्हटलं, नवी कपाटं अशी खुळखुळी ठेवायची नाहीत, मोठ्या साहेबांना चालत नाही. मोठ्या साहेबांना यातलं काही ठाऊकसुद्धा नव्हतं. हे दुकानातल्यापेक्षा वाईट, नाही का? तिथं निदान सोनावणे समोर नव्हते. इथं ते खाली वाकून पुठ्ठे गोळा करत होते.

पुढं काय होणार? ते मनगटानं खटका रेटायचे, दुसऱ्या हाताची बोटं अडकवून खण ओढायचे, तो निम्म्यात निसटायचा. एकेका कागदाला अर्धा अर्धा तास. मोठे साहेब चिडायला लागले. दोन महिन्यांत सोनावणे शिपाई म्हणून दाराबाहेरच्या स्टुलावर बसले आणि दप्तरखोलीच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या.

त्याच आठवड्यात मोर्चा होता. कचेरीतले आम्ही सगळे गेलो. मी घसा फोडून न्यायाच्या घोषणा देत होतो. शेजारी सोनावण्यांचा हात वर होता — मूठ वळलेली, अंगठा नसलेली. मला ती दिसत होती. मी ओरडायचा थांबलो का? नाही, उलट आवाज चढवला.

पावसाळ्याआधी त्यांनी नोकरी सोडली. मला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं — दोन्ही.

राज्य झालं त्या दिवशी रोषणाई बघायला लालबागला गेलो होतो. गर्दीतून हाक आली. सोनावणेच! ओढत खोलीवर नेलं, हातावर पेढा ठेवला. बायकोला म्हणाले, “हे दामलेसाहेब गं. माझ्यासाठी दुकानात गेले व्हते, पर तसलं कपाटच न्हवतं. लई वाईट वाटलं त्यांना.”

त्या बाईंनी पदर सावरला आणि मला हात जोडले.

“त्यात काय एवढं,” मी म्हणालो, आणि पेढा खाल्ला.