मी माझ्या लेकीचं तोंड पाहिलं

आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला कुणी उभं राहिलं की बहुतेक चांगलं झालेलंच सांगतात. आजार बरा झाला, नोकरी लागली, अडलेलं लग्न जमलं. माझ्याकडे तसं काही नाही. मी जे मागितलं ते मला मिळालं नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे शेवटी चमत्कार होईल या आशेवर कुणी पुढे वाचू नये. तरीही हे लिहिते आहे. वर्ष होत आलं, आणि त्या दोन दिवसांत मला जे मिळालं त्याबद्दल मी देवाचे आभार अजून नीट मानलेले नाहीत.

राहुरी तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझे पती साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. लग्नानंतर सहा वर्षांनी मला दिवस राहिले. आठवा महिना संपत आला होता. एका शनिवारी शाळेतून घरी आले आणि लक्षात आलं, आज सकाळपासून पोटात काही हललेलं नाही. गूळ खाल्ला, डाव्या कुशीवर पडून राहिले, पोटावर हात ठेवून बाळाला हाका मारल्या. सासूबाई म्हणाल्या, "झोपलं असंल. लेकरं झोपतात पोटात." मला ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून मी पटवून घेतलं. त्या एका रात्रीबद्दल मी स्वतःला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

रविवारी सकाळी उपासनेला न जाता आम्ही नगर गाठलं. हंगामाचे दिवस, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. गाडीत मी सारखी प्रार्थना करत होते. प्रार्थना कसली, सौदाच होता तो. अमुक करीन, तमुक सोडीन, फक्त ठोके ऐकू येऊ देत. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं आणि थोड्या वेळानं सोनोग्राफीचा पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. तेव्हाच मला कळलं. त्यानंतर त्या "ताई, बाळाचे ठोके मिळत नाहीत" असं म्हणाल्या, पण ते वाक्य मी आधीच ऐकलेलं होतं.

मी म्हटलं, "ऑपरेशन करा. मला झोपवा आणि काढून घ्या."

डॉक्टरबाई स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "पोट कापलं तर जखम तुमच्या अंगावर राहील आणि पुढच्या बाळंतपणाला त्याचा त्रास होईल. आपण औषधानं कळा आणू. आज एक गोळी पोटात घ्यायची. उद्या सकाळपासून काही तासांनी एकेक गोळी खालून आत ठेवू. पिशवीचं तोंड आधी मऊ होतं, मग हळूहळू उघडतं. कळा कमी पडल्या तर सलाईनमधून औषध देऊ. दुखणं कमी करायला इंजेक्शन आहे, मागायला लाजू नका."

"किती वेळ लागेल?"

"नक्की नाही सांगता येत. शरीराची तयारी नव्हती, आपण त्याला ती करायला लावतोय. एक दिवस लागेल, कदाचित दोन."

सगळं बाळंतपण नेहमीसारखंच होणार होतं. फक्त शेवट तसा नव्हता. हे असं का झालं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पुष्कळदा कारण सापडत नाही. तुमची काही चूक नाही." मी मनातल्या मनात सातव्या महिन्यापर्यंत चालवलेली स्कूटी मोजली, शाळेचे जिने मोजले. दुपारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. पतींनी तो माझ्यापुढे धरला. मी तोंड भिंतीकडे फिरवलं. ज्यानं ऐकलं नाही त्याच्याशी बोलून काय करायचं, असं मला वाटलं. त्या दिवसापर्यंत झोपताना प्रार्थना केली नाही असा एकही दिवस माझ्या आयुष्यात गेला नव्हता. तो पहिला.

सासूबाई घरी जाऊन कपड्यांची पिशवी घेऊन आल्या. बाळासाठी शिवलेली झबली आणि दुपटी त्यांनी पिशवीतून काढून घरीच ठेवली होती. मला म्हणाल्या, "झाल्यावर तोंड बघू नको. बघितलं की डोळ्यांपुढून जात न्हाई. आपल्यात कुणी बघत न्हाई." त्या वाईट हेतूनं बोलत नव्हत्या. बोलताना त्यांचा पदर तोंडाशी होता. पतींनीही मान हलवली. मला विचार करायचं त्राण नव्हतं. मी बरं म्हटलं.

सोमवारी सकाळी पहिली गोळी आत ठेवली. खोलीत दोन खाटा, मध्ये पडदा. पलीकडच्या खाटेवर बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी होती. दिवस भरून वर गेले तरी कळा नाहीत, म्हणून तिलाही औषधानं कळा आणत होते. तेच हातमोजे, तीच सिस्टर, तोच "ताई, अंग सैल सोडा". फरक एवढाच, की तिच्या पोटाला पट्टा बांधला होता आणि त्या यंत्रातून तिच्या बाळाचे ठोके सगळ्या खोलीत घुमत होते. घोडा दौडावा तसे. मी कानांवर उशी दाबली. उशीतूनही ते येत होते.

थोड्या वेळानं पडद्यापलीकडून एका बाईचा आवाज आला. "अहो सिस्टर, ह्या यंत्राचा आवाज बारीक व्हतूय का?"

सिस्टर म्हणाली, "का हो? ठोके ऐकून आयांना बरं वाटतं."

"आमाला वाटतंय. पर पल्याडच्या बाईला न्हाई वाटायचं."

आवाज बारीक झाला. पडदा जरासा सरकला आणि एक काळीसावळी, हिरव्या लुगड्यातली बाई दिसली. ती त्या मुलीची आई. माझ्याकडे बघून तिनं फक्त मान हलवली आणि पडदा परत नीट केला. नंतर सासूबाईंकडून कळलं, की ती घोडेगावची, घरी चार म्हशी, आणि लेक ही एकुलती एक.

दुपारपर्यंत दोन गोळ्या झाल्या. आधी थंडी वाजून अंग थरथरलं, मग कंबर भरून आली, मग कळा सुरू झाल्या. औषधानं आणलेल्या कळांना चढाव नसतो असं मला वाटलं. एक उतरते न उतरते तोच दुसरी अंगावर येते. मला लेबर रूममध्ये नेलं. सोबत एकाच बाईला थांबता येत होतं, म्हणून सासूबाई आल्या. पण त्यांना रक्तदाबाचा त्रास. माझं ओरडणं ऐकून त्यांना घेरी आली आणि सिस्टरनी त्यांना बाहेर नेऊन झोपवलं. डॉक्टरबाई कुठेतरी घाईनं निघून गेल्या. पतींना आत सोडत नव्हते. माझी आई दहा वर्षांपूर्वीच वारली. एक सिस्टर खोलीत होती, पण ती सामानाची मांडामांड करत होती. खाटेच्या लोखंडी दांडीला धरून मी पडले होते आणि या जगात माझं कुणी नाही, वरही नाही आणि खालीही नाही, असं मला अगदी स्वच्छ दिसत होतं. मी काही मागितलं नाही, हे मला नीट आठवतं. मागायचं मी सोडलं होतं.

तेवढ्यात दार ढकलून ती घोडेगावची बाई आत आली. सिस्टर म्हणाली, "मावशी, तुम्ही इथे कशा? तुमच्या मुलीला तर ऑपरेशनला घेतलंय."

"व्हय. ठोकं कमी यायला लागलं म्हनून घेऊन गेल्या. मला आत घेईनात. बाहीर बसून बी जीव ऱ्हात न्हाई. हितं ही एकलीच हाय, हितं बसते."

सिस्टर काय समजायचं ते समजली. बाई माझ्या उशाशी आली. दांडीवरचा माझा हात तिनं सोडवला आणि स्वतःच्या हातात घेतला. तिचा हात खरखरीत होता आणि बर्फासारखा गार पडला होता. तिची एकुलती लेक शेजारच्या खोलीत टेबलावर होती, नातवंडाचे ठोके उतरत होते, आणि ती माझ्याजवळ बसली होती. कळ आली की म्हणायची, "वरडायचं तर वरड. दात नगं आवळू." कळ गेली की कपाळ पुसायची. एकदा मी तिला म्हटलं, "मावशी, कशासाठी सोसायचं हे? मिळणार काय आहे?"

ती आणखी जवळ सरकली. मग माझ्या कानाशी वाकून बोलली. "माजं पयलं असंच गेलं. मला दाखवलं न्हाई. पोरगा हुता का पोरगी, ते बी कुनी सांगितलं न्हाई. सासऱ्यानं नेलं, कुटं पुरलं ठाव न्हाई. आता आज्जी व्हायची येळ आली, पर झोपल्यालं लेकरू दिसलं की अजून मनात येतंय, माजं असंच असंल का. तुजी सासू म्हनली त्ये म्या पडद्याआडून आयकलं. तिचं खोटं न्हाई. बघितल्यालं डोळ्यांपुढून जात न्हाई. पर न बघितल्यालं बी जात न्हाई, बाई."

त्यानंतर बोलायला वेळ मिळाला नाही. डॉक्टरबाई परत आल्या होत्या की दुसऱ्या कुणी होत्या, मला आठवत नाही. "जोर लावा" एवढंच ऐकू येत होतं. शाळा सुटायच्या वेळेला, भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला थोडी मिनिटं असताना, माझं बाळ आलं. बाळाच्या आवाजासाठी कान किती मोठे होतात ते मला त्या क्षणी कळलं. सगळं ठाऊक असूनही मी वाट पाहत होते. आणि रडणं ऐकू आलंही. ते भिंतीपलीकडून, शेजारच्या खोलीतून येत होतं.

मावशीच्या हाताला झटका बसला. तिनं डोळे मिटले. मला वाटलं, ही आता धावत जाणार, आणि जावंच तिनं. मी तिचा हात सोडू लागले. तिनं तो घट्ट धरला. दारातून एक आया म्हणाली, "मावशी, नातू झाला. लेकही बरी हाय. या की."

"रडतंय म्हंजी चांगलं हाय," ती म्हणाली. "त्याला आज्जीची घाई न्हाई. लेकीला टाकं घालूस्तवर मी हितंच हाय."

मग ती माझ्याकडे वळली. मी सिस्टरला म्हटलं, "मला बाळ दाखवा."

सिस्टर घुटमळली. गुंडाळायला काही आणलंय का, असं तिनं विचारलं. आम्ही काहीच आणलं नव्हतं. मावशीनं कमरेशी खोचलेलं एक धुतलेलं, मऊ पडलेलं सुती फडकं काढलं. जुन्या लुगड्याचं होतं ते. नातवाला पहिल्यांदा त्यातच घ्यायचं म्हणून तिनं घरून आणलं होतं. अशा वेळी असं कापड कुणी देत नाही. आपल्याकडे काय काय मानतात ते सगळ्यांना माहीत आहे, तिलाही माहीत असणार. तिनं ते सिस्टरच्या हातात दिलं.

मुलगी होती. डोक्यावर दाट काळे केस. नाक माझ्या पतींचं, अगदी तसंच, शेंड्याला बसकं. ओठ गडद झाले होते. बोटं इतकी नीट होती, की नखंसुद्धा कापायला झाली होती. मावशीनं तिचा गाल बोटानं पुसला आणि म्हणाली, "किती देखनी हाय गं." माझ्या लेकीचं कौतुक करणारी ती पहिली आणि एकमेव बाई. आई झाल्यावर जे एक वाक्य ऐकायचं असतं, ते मी ऐकलं.

मी पतींना आत बोलवायला लावलं. ते दारातच थबकले, मग आले. सासूबाईही भिंत धरून आल्या, आणि आपणच नको म्हटलेलं तोंड त्यांनी पतींच्याही आधी पाहिलं. तासभर ती आमच्याजवळ होती. तिचं नाव आम्ही ठेवलं. ते इथे लिहीत नाही.

दिवस मावळला तसे पाळकसाहेब आले. गावच्या दफनभूमीत नेण्यासाठी गाडी थांबली होती. ते मला काही समजावायला लागले नाहीत, हे त्यांचे उपकार. कुणीतरी तिला माझ्याकडून घ्यायचं होतं, पण कुणाचा हात पुढे होईना. शेवटी मीच तिला उचललं आणि पतींच्या हातात दिलं. देवाच्या हाती सोपवणं, देवाच्या हाती सोपवणं, असं मी लहानपणापासून ऐकत आले. ते इतकं जड असतं आणि हात इतके रिकामे करून जातं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी राजीखुशीनं दिलं नाही. पण दिलं. आणि जिला देत होते तिचं तोंड पाहून दिलं.

दुसऱ्या दिवशी मला घरी सोडलं. निघताना मावशी जवळ आली. खोलीत पेढे वाटू नका, असं तिनं जावयाला सांगून ठेवलं होतं, हे मला सिस्टरकडून कळलं. ती हळू आवाजात म्हणाली, "तिसऱ्या दिसाला दूध यील. कुनी सांगत न्हाई म्हनून सांगते. भिऊ नगं, पिळू नगं. डाक्टरीनबाईंना गोळी इचारून घे." मग नातवाकडे बघत तिनं विचारलं, "घेतीस का जरा?" मी मान हलवून नाही म्हटलं. मला जमलं नाही. तिला राग आला नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि गाडीपर्यंत माझी पिशवी घेऊन आली.

दूध तिसऱ्या दिवशीच आलं. ते येणार हे माहीत नसतं तर मी वेडी झाले असते.

त्यानंतर कितीतरी आठवडे मी चर्चमध्ये नुसती बसून असे. सगळे प्रभूची प्रार्थना म्हणत आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली की माझे ओठ मिटत. माझी लेक का गेली, याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि आता ते मी रोज मागतही नाही. पण मी मागणं सोडलं होतं, देवाकडे पाठ केली होती, त्याच वेळी कुणीतरी दार ढकलून आत आलं. त्या बाईला कुणी पाठवलं, याच्यावर मी वाद घालणार नाही. ती स्वतः म्हणेल, बाहेर जीव राहिना म्हणून आले. तेही खरंच असेल.

काही रविवारी ती ओळ माझ्याच्यानं अजून म्हणवत नाही. काही रविवारी म्हणते. म्हणते तेव्हा डोळे मिटते, आणि मिटल्या डोळ्यांपुढे माझ्या लेकीचं तोंड येतं, दाट केसांचं, बसक्या नाकाचं. प्रभू, ते तू मला पाहू दिलंस. तुझे आभार.