फ्रिजवरच्या वाकड्या रेघा

माझ्या डाव्या डोळ्यासमोर करडा ठिपका वरचेवर यायचा. टेन्शन वाढलं की हमखास. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आखलेल्या चौकटींचा एक कागद दिला होता. तो फ्रिजवर लावून रोज सकाळी उजवा डोळा झाकायचा आणि रेघा बघायच्या. मधल्या रेघा वाकड्या दिसल्या, तर डोळ्याच्या पडद्यामागे साचलेलं पाणी अजून आहे. "काम कमी करा, झोपा, चाला," एवढंच औषध.

मी लगेच शनिवारचं ऑफिस बंद केलं आणि मोकळ्या झालेल्या शनिवारी आमच्या मराठी मंडळाचं दिवाळीचं नाटक बसवायला घेतलं! नाटकाचं कसलं आलंय टेन्शन? नट तालमीला तासभर उशिरा यायचे, मी घसा फोडून ओरडायचो आणि रेघा आणखी वाकायच्या. शेवटी बायकोने मंडळाच्या अध्यक्षकाकांना परस्पर फोन केला, "यंदा हे नुसतं नाटक बघतील, बसवणार नाहीत." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मग दुसरं काही करायलाच उरलं नाही, म्हणून नदीकाठी चालायला लागलो.

नाटकाच्या दिवशी सकाळी उजवा डोळा झाकला आणि किंचाळलोच, "अगं, लवकर ये! सरळ झाल्या! सगळ्या रेघा सरळ झाल्या!" बायको पिठाच्या हातांनी धावत आली. तिला धरून मी स्वयंपाकघरातच गिरकी घेतली.

टेबलाशी कॉर्नफ्लेक्स खाणाऱ्या आमच्या मुलीने मान वर केली.

"दे वेअर ऑलवेज स्ट्रेट, बाबा."