बुरशीच्या अक्षता

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, म्हणजे मधे मधे थांबावं लागणार नाही. फजिती माझीच झाली, कबूल. पण माघार? ती मी तेव्हाही घेतली नाही आणि आज चहाचा कप हातात धरूनही घेणार नाही!

मी रोह्याची. धाटावला एका कंपनीत रंगांच्या लॅबमध्ये नोकरीला. आणि लग्न होऊन आले कुठे? तर पेणला, गणपतीच्या कारखान्यात! दिवसभर रंग तपासायचे आणि घरी यावं तर सासरे, म्हणजे आमचे नाना, रंगाचा ब्रश घेऊन बसलेले.

एक दिवस मी म्हटलं, "नाना, विकतचा लाल रंग कशाला? मी घरी करते. तांदळावर एक बुरशी वाढवली की तांदूळ आपोआप लालभडक होतात. चीनमध्ये लोक तो रंग जेवणात घालतात."

"बुरशी?" नाना एवढंच म्हणाले.

सासूबाई मात्र स्वयंपाकघरातून कडाडल्या. "अगो, भाकरीला बुरशी लागली तर मी ती गाईला पण घालीत नाय, नि तू देवाला लावतेस?"

"आई, दही लावता ना तुम्ही? तसंच हे. फक्त विरजण वेगळं."

मी हटून बसले. शेवटी नाना म्हणाले, "माघी गणपतीची एक मूर्ती घे. कासू गावच्या पाटलांची. सोवळं तुझ्या रंगात कर. रंग टिकला तर भादव्यातला सगळा लाल तुझा. नायतर परत रंगाचं नाव काढायचं नाय."

सांगा, अशी पैज कोण सोडेल?

मैत्रिणीच्या कॉलेजातून बुरशीचं विरजण आणलं, तांदळावर वाढवलं. थोडे तांदूळ स्पिरिटमध्ये भिजवून, डिंकात खलून सोवळं रंगवलं. काय लाल आला म्हणता! नाना चष्मा पुसून पुसून बघत होते.

उरलेले लाल तांदूळ वाळवायचे होते. पण आमच्या घरात जिकडेतिकडे शाडूची धूळ. स्वच्छ जागा एकच, देवघर. पितळी ताटलीत पसरले आणि देव्हाऱ्यापाशी ठेवून दिले. कुणाला सांगितलं नाही, कारण सासूबाईंनी तांदळाबरोबर मलाही घराबाहेर काढलं असतं.

देव्हारा, पितळी ताटली, लाल तांदूळ. तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं! एमएस्सी झालेय हो मी.

पाटीलकाका आणि काकू मूर्ती न्यायला आले. काका कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कुडत्यात. मूर्ती हलवण्याआधी अक्षता वाहायच्या, हा आमच्या कारखान्याचा रिवाज. मी आतून नारळ घेऊन येते तोवर नानांनी ताटली आणलीसुद्धा! मूर्तीवर वाहिल्या, काकांच्या डोक्यावर टाकल्या, काकूंच्याही टाकल्या. तांदूळ अजून ओलसर होते. काकांनी कपाळ पुसलं आणि हात कुडत्याला.

काकूंनी नाक मुरडलं. "नाना, अक्षतांना आंबूस वास कसला ओ येतो?"

सासूबाई घाईने म्हणाल्या, "हलकं कुंकू असंल. हल्ली कायपण मिळतं बाजारात."

गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण हलकं? माझा रंग हलका?

"हलकं नाही, अस्सल आहे! आणि कुंकू नाहीच ते, बुरशी आहे!"

काकू किंचाळल्या, "माझ्या डोक्यात बुरशी?" काका केस झटकायला लागले. नाना मटकन स्टुलावर बसले.

"आम्हाला नको ही मूर्ती!" काका म्हणाले.

झालं! माझा भादवा चालला हातचा. मी ताटलीतली मूठ उचलली आणि सरळ तोंडात कोंबली. चव शिळ्या भातासारखी, वर जरा कडू. "वाईट असती तर खाल्ली असती का मी?" लाल दात दाखवत मी विचारलं.

"नि माझा कुडता?"

"तो डाग जन्मात जाणार नाही, काका! सोवळ्यालाही हाच रंग आहे. पक्का म्हणजे पक्का!"

माघी चतुर्थी तोंडावर आलेली, दुसरीकडे तयार मूर्ती मिळायची नाही. काका कुरकुरत का होईना, घेऊन गेले. मी नानांकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

विसर्जन झाल्यावर काकांचा फोन आला. आवाज एकदम खुशीत. "सूनबाय, कुडता धुऊन उन्हात टाकला, डाग साफ गेला बघ!"

मी घाईघाईने विचारलं, "काका, मूर्ती कुठे बसवली होती?"

"पडवीत. मस्त ऊन येतं तिथं."

कंपनीत मी काय तपासते, माहितीय? उन्हात रंग उडतो का ते!

मग काका बराच वेळ नानांशी बोलले. मी मान ताठ ठेवून उभी. रंग लालच होता, चूक उन्हाची होती, हे आजही माझं म्हणणं आहे!

नानांनी फोन ठेवला. चेहऱ्यावर राग नाही, उलट कौतुक. म्हणाले, "पाटलांच्या आळीत लय आवडलं गो ते सोवळं, तिघांनी तसंच सांगितलंय. भादव्यातला सगळा पांढरा तुझा!"