शिक्का पाहून चूल पेटवणारे तात्या

आमच्या गल्लीतल्या तात्यांनी शिक्का पाहिल्याशिवाय कुणाच्या स्लॅबच्या जेवणाची चूल पेटवली नाही. तात्या मटणाचे आचारी. जावळ असो, यात्रा असो, कुणाचा पोरगा निवडून आलेला असो, बोलावणं आलं की तात्या काही न विचारता पातेली बाहेर काढायचे. पण कुणी घर बांधायला काढलं आणि स्लॅबच्या जेवणाचं सांगायला आलं, की तात्या दारातल्या खुर्चीवर मांडी घालून बसायचे आणि हात पुढे करायचे. "कागद काढलाय न्हवं? शिक्का दावा." मंजूर नकाशावर बांधकाम परवानगीचा शिक्का दिसला, की लगेच मसाल्याची यादी सुरू. नाही दिसला, तर "च्या घ्या पावणं, आनि जावा."

स्लॅबचं जेवण म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. ज्या दिवशी घराचा स्लॅब टाकतात त्या दिवशी सेंट्रिंगवाले, गवंडी, घमेली वाहणाऱ्या बायका, शेजारीपाजारी आणि कुठूनतरी वास लागलेले पाहुणे, या सगळ्यांना मालकाने मटण जेवू घालायचं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं आणि भाकरी. त्यामुळे स्लॅबचा दिवस ठरवताना सिमेंट मिळेल का, यापेक्षा त्या दिवशी सोमवार, गुरुवार किंवा संकष्टी तर नाही ना, हे आधी पाहतात. जेवण चांगलं झालं की घर चांगलं झालं असं धरून चालतात, आणि जेवण चांगलं व्हायचं तर तात्याच हवेत.

तात्यांना नकाशातलं काडीचं कळत नव्हतं. नकाशा ते बहुतेक वेळा उलटाच धरायचे. पण परवानगी कशाला लागते आणि कशाला लागत नाही, याचा त्यांचा स्वतःचा एक कायदा होता. "ज्या कामाला मटण लागतं, त्याला शिक्का लागतो," असं ते सांगायचे. "रंग लावला म्हणून कुणी बोकड कापतंय व्हय? फरशी बदलली, कौलं फिरवली, च्या-भजीवर भागतंय. त्याला कशाचा शिक्का? पर पाया काढला, मजला चढवला, जिना हलवला, की मटण आलं. मग शिक्का बी आला की." पुढे मी हा कायदा एका इंजिनिअरना सांगितला. ते खूप हसले आणि म्हणाले, बराचसा बरोबर आहे. फक्त घरातली भार घेणारी भिंत पाडायची असेल तर परवानगी लागते आणि मटण कुणी देत नाही, तेवढं तात्यांना कळवा. मी कळवलं. तात्या विचारात पडले आणि म्हणाले, "मग द्यायला पायजे."

त्यांची आणखी एक खोड होती. स्लॅबच्या दिवशी सगळ्या गल्लीला वाढून झालं, पातेली घासून झाली, तरी तात्या स्वतः एक घास खात नसत. कितीही आग्रह करा, "सेंट्रिंग उतरलं की जेवीन," एवढंच म्हणायचे. मग काही आठवड्यांनी खालच्या फळ्या आणि टेकू काढले, की त्या दिवशी बोलावणं नसताना यायचे, नव्या स्लॅबखाली मधोमध उभे राहायचे, मान वर करून बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "आता लागली बगा भूक." मग तिथेच पोतं अंथरून घरातल्या बाईने जे वाढलं असेल ते जेवायचे. पिठलं असलं तरी चालायचं.

आता माझ्याकडे येतो, कारण तात्यांची आणि माझी खरी ओळख मी केलेल्या शहाणपणातून झाली. मी विमा एजंट. उद्याचा भरवसा नाही, संकट सांगून येत नाही, ही वाक्यं मी इतक्या दारांत म्हटली आहेत की काही घरांत मी दिसलो की लोकच ती आधी म्हणायचे. नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचं घर वडिलांनी बांधलेलं, खाली दोन खोल्या, वर कौलं. माझी सासू गारगोटीला एकटी. सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, जीव तिथे अडकलेला. सासूबाईंना आणायला मी स्वतः गेलो, तर त्यांनी म्हशीला वैरण टाकता टाकता निकाल दिला. "जावयाच्या चुलीवर मी जेवायची न्हाय. मला येगळं दार द्या, येगळी चूल द्या. मग येते."

मी ठरवलं, आपण वर मजला चढवू, आम्ही वर राहू आणि खालचं दार, खालची चूल सासूबाईंची. सुमनने हे ऐकलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते लग्नानंतर मला प्रथमच दिसत होतं. त्या भरात मी आणखी एक गॅलरी जाहीर करून टाकली, थेट गल्लीवर काढलेली, गणपतीची मिरवणूक बघायला. परवानगीचं कुणीतरी विचारलं, तेव्हा मी हसलो. आपल्याच घरावर आपलाच मजला, त्याला कुणाला काय विचारायचं? एका मुकादमाशी बोलणं झालं, वरची कौलं उतरवली, जुन्या भिंतींवर विटांचे चार थर चढवले आणि येत्या रविवारी स्लॅब, असं सगळ्यांना सांगून टाकलं. गारगोटीला निरोप गेला. सासूबाईंनी म्हैस भाच्याला देऊन टाकली.

मग मी तात्यांकडे गेलो. त्यांनी हात पुढे केला. मी विमा विकतो तसं बोलायला सुरुवात केली. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हात तसाच ठेवला.

त्या दिवशी घरी येऊन मी जे केलं ते सांगताना आजही माझे कान गरम होतात. माझ्या आतेभावाने आमच्या घराचा एक नकाशा काढून दिला होता, निळ्या शाईत, बराच सुबक. त्यावर शिक्का नव्हता. माझ्या टेबलावर मात्र शिक्का होता, गोल, इंग्रजी अक्षरांचा, माझ्या एजन्सीचा. मी तो चांगला दाबून, जरासा पुसट होईल असा उमटवला आणि दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन तात्यांपुढे बसलो.

तात्यांनी नकाशा उलटा धरला. शिक्क्याजवळ डोळे नेले. "वळखीचा वाटतोय," म्हणाले आणि आत गेले. बाहेर आले ते हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद घेऊन. ती त्यांची विम्याची पॉलिसी होती, मीच उतरवलेली. दोन्ही शिक्के त्यांनी शेजारी शेजारी ठेवले, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "विमासाहेब, म्हंजे तुमच्या घराला तुमीच परवानगी दिली व्हय?"

मी चहा घेतला आणि गेलो.

दुसरा आचारी आणू, असं मी घरी तावातावाने सांगितलं. पण गोष्ट एवढी सोपी नव्हती. शनिवारी मुकादम आला, टोपी हातात घेऊन. "साहेब, जेवण तात्यांचं न्हाय म्हणं."

"दुसरं आहे. त्यानं काय होतंय?"

"तसं न्हवं. तात्या न्हाईत म्हंजे कागद न्हाय. माझी मानसं वर चढंनात."

तात्यांनी माझ्याबद्दल कुणाला एक शब्द सांगितला नव्हता. दुसऱ्या आचाऱ्याची पातेली माझ्या दारात उतरताना लोकांनी पाहिली, एवढ्यावर सगळ्या गल्लीला कळलं. पलीकडचे शेजारीही आले आणि त्यांनी मला हाताला धरून त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं. "तुमची भिंत इथवर आली, की माझ्या बायकोनं दिवसा लाइट लावून भाकरी थापायची का?" ती खिडकी मी इतकी वर्षं पाहत होतो, पण मजला चढवताना ती मला दिसलीच नव्हती.

रविवारी स्लॅब टाकला गेला नाही. घरावर छप्पर नाही, दारात पाहुणे, आणि सुमन त्यांना चहा देऊन वाटेला लावत होती. संध्याकाळी गारगोटीहून कुणाच्या तरी घरून सासूबाईंचा फोन आला. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हस तर दिली. आता मी सकाळी उठून वैरण कुनाला घालू?"

मी तसाच तात्यांकडे भांडायला गेलो. तुमच्या हट्टापायी एका म्हाताऱ्या बाईचं घर अडलं, असं बरंच बोललो. तात्या कांदा चिरत होते. चिरता चिरताच म्हणाले, "हुपरीला एका चांदीवाल्याच्या स्लॅबला गेलतो. नवा हुतो मी. दोन मजली घर, बिनकागदाचं. रस्सा असा झालता, मानसं वाटीला वाटी लावत हुती. म्होरं वर्स बी झालं नसंल, मी बाजाराला गेलतो, तर घर पाडाय लागल्यालं. निम्मं रस्त्यात आलतं म्हणं. बाईमानसं भांडी घेऊन रस्त्यावर. त्यो मालक मला बगून काय म्हणाला, ठाव हाय? तात्या, रस्सा झकास झालता." सुरी थांबली. "घर पडतंय, आनि त्यो माझ्या रश्श्याची आठवन काढतोय. तवापास्नं म्या ठरवलं. जे पडणार हाय, त्याला म्या जेवू घालायचा न्हाय."

मी भांडण सोडून उठलो. त्यांच्या डोळ्यांत कांद्याचं पाणी होतं की दुसरं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मघाशी सांगितलेल्या इंजिनिअरना घेऊन आलो. त्यांनी आमच्या भिंतीच्या गुळगुळीत प्लास्टरला खिशातली किल्ली टोचली आणि जरा फिरवली. आतून माती भुरुभुरु गळायला लागली. वडिलांनी मातीच्या भिंतींना वरून सिमेंटचा गिलावा दिला होता आणि आम्ही ते पक्कं घर समजत होतो.

"ह्याच्यावर स्लॅब टाकणार होता? खाली कोण झोपणार?"

"सासूबाई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बॅगेकडे पाहिलं. "विमा उतरवलाय त्यांचा?"

ते थट्टेने म्हणाले होते, पण मी बॅग पाठीमागे घेतली. मी अर्ज केला. गॅलरी गेली, जिना आत आला, शेजाऱ्यांच्या खिडकीपुढे जागा सुटली, पायापासून नवे कॉलम उभे राहिले. परवानगीला वेळ लागला आणि हेलपाटेही पडले. तोवर सासूबाईंनी भाच्याकडून म्हैस परत आणली होती, ती त्यांना पुन्हा त्यालाच द्यावी लागली. याबद्दल भाच्याने मला आजवर माफ केलेलं नाही.

शिक्क्याचा नकाशा घेऊन गेलो तेव्हा तात्यांनी तो प्रसादासारखा कपाळाला लावला, उलटाच. मग स्लॅबच्या दिवशीचा रस्सा कसा झाला ते सांगत बसत नाही, गल्लीत विचारा. सेंट्रिंग उतरलं त्या दिवशी तात्या आले, सासूबाईंच्या खोलीत मधोमध उभे राहिले, वर पाहिलं. "आता लागली बगा भूक." सासूबाईंनी आपल्या वेगळ्या चुलीवरची पहिली पिठलं-भाकरी तात्यांना वाढली. जावयाला नंतर.

तात्यांच्या स्वतःच्या घरावर मात्र पत्राच होता. दोन हजार साल उलटून गेल्यावर त्यांनी दोन खोल्या बांधायला काढल्या. तोवर मी परवानगीच्या कामातला इतका जाणता झालो होतो की लोक मला विम्याचं विचारेनासे झाले होते. तात्यांच्या अर्जासाठी मी त्यांच्याबरोबर जायचो. साऱ्या गल्लीचे शिक्के तपासणारा माणूस कचेरीतल्या बाकावर चपला काढून बसायचा आणि मला हळूच विचारायचा, "देतील न्हवं?" शिक्का मिळाला त्या दिवशी त्यांनी मला नकाशा दाखवला आणि हात पुढे करून म्हणाले, "बगा, खरा हाय का. तुमाला कळतंय की शिक्क्यातलं." त्यावर मीही हसलो.

स्लॅबचं जेवण त्यांनी स्वतःच केलं, कुणाला हात लावू दिला नाही. ज्यांच्या ज्यांच्या घराला त्यांनी रांधलं होतं ते सगळे आले होते, मुकादम आला होता, सासूबाई काठी टेकत आल्या होत्या. मी ताट वाढून त्यांच्यापुढे धरलं. आज तरी जेवा, तुमचंच घर आहे, म्हणालो. त्यांनी ताट माझ्याच हातात दिलं. "सेंट्रिंग उतरलं की जेवीन."

सेंट्रिंग उतरायच्या आधीच तात्या गेले. सकाळी बाजारात मसाला निवडताना छातीत कळ आली, तेवढंच. पॉलिसीचं काम मी केलं. इतक्या वर्षांत माझ्या हाताने केलेलं ते एकच काम मला नकोसं झालं.

फळ्या काढायच्या दिवशी काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, कुणाला बोलावलं नव्हतं. तरी आम्ही एकेक करत गेलो. खोलीत ओल्या सिमेंटचा वास होता. आम्ही स्लॅबखाली उभे राहिलो आणि सगळ्यांच्या माना आपोआप वर गेल्या. कुठे चीर नव्हती. काकूंनी पोती अंथरली, पिठलं-भाकरी वाढली, आणि ताटं पुढे असून कुणी जेवेना. कुणीतरी ते म्हणायला हवं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बोलणं हाच माझा धंदा.

"काकू," मी म्हणालो, "आता लागली बघा भूक."

मग सगळे जेवायला लागले. माझा पहिला घास मात्र बराच वेळ हातातच राहिला.