अडलेल्या माणसांचं इंग्रजी

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी भरताची वांगी भाजत होते. "वहिनी, शकू गेली," एवढंच म्हणाले ते. गॅस बंद केला, खाली बसले, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं ते हे, की मोठी जाऊ मी, आणि इथंही पहिला नंबर हिनंच लावला... कपाळभर कुंकू लावून, हिरवी साडी नेसून, धुळ्यातल्या अर्ध्या देवपूरला रडवत. शकू माझी धाकटी जाऊ. तिला जाऊन आता महिना उलटला. भेटायला येणारे तिचं चांगलं चांगलं सांगतात आणि मीही हो हो करते. पण तिच्याबद्दल लिहायचं आणि माझा हेवा वगळायचा, हे काही जमायचं नाही. तिनंच आधी पकडलं असतं मला.

मी यावलकडची, केळीच्या बागांतली. सातवीनंतर शाळा सुटली, पुढे संसार करता करता बाहेरून दहावी दिली. इंग्रजी तर यांच्या जुन्या डिक्शनरीतून आणि बिस्किटाच्या पुड्यांवरून शिकले म्हणा. शकू सोनगीरची, इंग्रजीतच गटांगळी खाऊन आलेली. बोलायची अहिराणी, आणि तीही खणखणीत. देवपूरच्या घरी टीव्ही आला तेव्हा आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात होतो. बातम्यांचं इंग्रजी म्हणजे नरडाण्याच्या स्टेशनावर न थांबणारी गाडी, नुसती धूळ अंगावर. पण मॅच संपली की बक्षिसं वाटायची आणि खेळाडूंना बोलतं करायची वेळ यायची, आणि रविवारी कधी कधी नटनट्यांच्या मुलाखती असायच्या. ते इंग्रजी मात्र आमच्या दारात थांबायचं. कारण ही मोठी माणसं फार अडखळायची! एक फलंदाज होता, शतक ठोकून आला तरी माईकसमोर चोरी पकडल्यासारखा उभा. विचारणाऱ्यानं लांबलचक प्रश्न विचारावा, यानं बुटांकडे बघत नुसतं "येस" म्हणावं. मग दोघंही गप्प... एक नटी तर उत्तर सापडेना की नखांचा रंग खरवडत बसायची. घरातले पुरुष कंटाळून उठून जात. आम्ही शेंगा फोडत तिथंच.

खेळ शकूनंच काढला. "अक्का, हाऊ अडकना का आपन शब्द देवाना," म्हणाली. म्हणजे तो अडला, की त्याच्या आधी आपण शब्द पुरवायचा. यात मी तिला कधी पुढे जाऊ दिलं नाही. डिक्शनरी पाठ होती ना! "कॉन्फिडन्स" म्हणा, "अपॉर्च्युनिटी" म्हणा, त्या बिचाऱ्याच्या ओठांवर यायच्या आत माझ्या तोंडात. शकूचं लक्ष भलतीकडेच. अडल्यावर तो हसतो कसा, मान कशी खाजवतो, "वेल..." म्हणून केवढा वेळ काढतो, ते ती शिकत होती.

"अगं, शब्द शीक. हे नखरे काय शिकतेस?" मी म्हणायची.

"अक्का, शब्द त्याले बी येत नही ना! तरी त्यालेच बोलावतस."

मी टरफलं गोळा करून उठले.

मग आमच्याच गल्लीपलीकडे एका बंगल्याच्या हॉलमध्ये इंग्रजी शिशुवर्ग निघाला. लहान मुलांना सांभाळून चार इंग्रजी शब्द शिकवायला बाई हवी होती. आयुष्यात मला काही हवंसं वाटलं असेल तर ते काम. सासूबाईंना मीच मनवलं, आणि एकटी कशी जाऊ म्हणून शकूला सोबत घेतलं. ती म्हणाली, आलेच आहे तर मीही बसते मुलाखतीला.

आधी मी गेले. समोर संस्थेचे दोन सभासद आणि मोठ्या बाई. लहान मुलांनाच का शिकवायचंय, असं इंग्रजीत विचारलं. मी रात्रंदिवस घोकलेलं उत्तर एका दमात म्हटलं, एक शब्द चुकला नाही. "थँक यू," म्हणाल्या बाई. संपलं. बाहेर बाकावर येऊन बसले, मनात म्हटलं, झालं आपलं काम.

पडद्याआडून शकूचं सगळं ऐकू येत होतं. प्रश्न तोच. ही गप्प. मग हसली. मग म्हणते कशी, "वेल... दॅट्स अ व्हेरी गुड क्वेश्चन." आत कुणीतरी खुदकन हसलं. शकूला वाटत होतं, मुलाखत म्हटली की सगळीकडे टीव्हीसारखीच असते, त्यामुळे तिचं सगळं तसंच चाललेलं. चिल्ड्रन स्मॉल, माय इंग्लिश ऑल्सो स्मॉल, वुई ग्रो टुगेदर, असं काहीबाही अडखळत बोलली. आणि उठताना, बक्षीस घेतल्यासारखं, "द क्रेडिट गोज टू माय टीम," म्हणून थेट पडद्याकडे हात केला! बाईंनी पडदा सरकवून बाहेर पाहिलं. "ही तुमची टीम का?" सगळे पोट धरून हसत होते. बाकावर टीम बसली होती, तोंड एवढंसं करून.

काम शकूला मिळालं.

पुढची वर्षं काय सांगू... ती सकाळी पदर पिन करून निघायची, आणि मी दोघींच्याही वाटच्या भाकरी थापायची. तिची पोरगी माझ्याच कडेवर वाढली. गल्लीतले लोक तिला "मॅडम" म्हणायला लागले. बँकेचं पत्र आलं, मॅडमला दाखवा. मुलाचं ॲडमिशन, मॅडमला विचारा. अहो, मीही होते ना तिथंच, चुलीपाशी! यांची जळगावला बदली झाली तेव्हा शकू रडली, मी मात्र सुटले असं म्हणून गाडीत बसले. तर जळगावच्या शेजारणीही विचारणार, "तुमच्या धुळ्याच्या मॅडम कधी येणार हो?"

शेवटची भेट झाली ती शकू अंथरुणाला खिळल्यावर. मी उशाशी बसून मोसंबी सोलत होते. टीव्हीवर कुणीतरी खेळाडू त-त-प-प करत होता. तिनं आवाज बंद करायला लावला आणि इंग्रजीत मला म्हणाली, "अक्का, टेल मी. दॅट डे, हाऊ डिड यू फील?" कुठला दिवस, हे मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत माझी मुलाखत कुणी पहिल्यांदाच घेत होतं. "आय वॉज..." म्हटलं, आणि अडले. सगळी डिक्शनरी पाठ, पण शब्द सापडेना. मोसंबीचा रस हातावर ओघळत होता.

"जेलस," शकू म्हणाली. खेळाच्या नियमाप्रमाणे शब्द पुरवला तिनं.

"येस," मी म्हटलं. बुटांकडे बघणाऱ्या त्या फलंदाजासारखंच.

"मग! तुझ्या जागी मी ऱ्हाती ते घरना समदा भांडाच फोडी टाकती," म्हणाली, आणि खोकला येईपर्यंत हसली. मीही हसले. पण हसल्यानं हेवा गेला, असं कुणी समजू नका.

दिवस-कार्य आटोपल्यावर भाऊजींनी तिचं कपाट उघडलं. आमच्याकडे गेलेल्या बाईच्या साड्या घरच्या बायका वाटून घेतात, आणि पहिली उचलायचा मान मोठीचा. घरातल्या सुनांना वाटलं, मी पैठणी उचलणार. मी निळी सुती काढली, पांढऱ्या ठिपक्यांची, शकू पहिल्या दिवशी शिशुवर्गावर जाताना नेसली होती ती. भाताच्या पेजेची खळ तीच करायची, तशी कडक खळ मला अजून जमलेली नाही. साडीत अजून ती खळ आहे, निऱ्या न धरता उभ्या राहतात. धुतली तर जाईल, म्हणून धुवायला टाकत नाही. परवा नेसून बाजारात गेले. शेजारीण म्हणाली, "काकू, छान आहे हो, मॅडमची का?"

"माझीच आहे," मी म्हटलं, आणि पदर नीट करून पुढे चालू लागले.