दादाचा उलटा आवाज

मंडळी, आज सकाळी वहिनींच्या ट्रंकेत एक जुनी कॅसेट सापडली अन् माझा सगळा दिवस तिच्यातच गेला.

पंच्याऐंशीच्या आसपास मी अन् माझा मोठा भाऊ, दोघंही घुग्घुसला कोळशाच्या खाणीत होतो. मी पहिल्या शिफ्टला, ओव्हरटाइम करून संध्याकाळी परतायचो तेव्हा दादा रात्रीच्या शिफ्टला निघत असायचा. एका घरात राहून भेट दारातच व्हायची. भीमगीतांचं वेड दोघांनाही, पण सोबत बसणार कधी?

मग दुबईहून आलेल्या मित्राकडून चार ट्रॅकचा छोटा रेकॉर्डर घेतला. संध्याकाळी मी एका ट्रॅकवर ढोलकी भरायचो, दुसऱ्यावर हार्मोनियम. सकाळी दादा ड्युटीवरून आला की हेडफोन लावून ते ऐकत तिसऱ्या ट्रॅकवर गायचा.

ते मशीन कधीच बिघडलं. दादाही गेला.

आज कॅसेट साध्या टेपमध्ये लावली. एका बाजूला माझी ढोलकी अन् हार्मोनियम नीट वाजली. बाजू पालटली तर दादाचा आवाज, पण उलटा, गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे. त्या मशीनवर चारही ट्रॅक एकाच दिशेनं भरले जायचे; साधा टेप ते एकदम वाजवत नाही, दोन एका बाजूनं अन् उरलेले दोन बाजू पालटल्यावर उलटे वाजवतो, हे मी विसरूनच गेलो होतो.

बंद करायला हात नेला, तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. शब्द नाई समजले तरी आवाज त त्याईचाच हाय. आणखी लावा."

दुपारभर तेच लावलं.

तुमच्यापैकी कोणाकडे तसलं मशीन अजून चालू आहे का? आम्ही दोघं भाऊ एका जागी बसून कधी गायलोच नाही. सोबत आहोत ते फक्त या कॅसेटमध्ये.